रिकाम्या सापळ्याचं शेत

वारुंगसे मॅडमच्या खोलीत शिरताना पोरं चपला बाहेर काढून ठेवायची. तसा काही नियम नव्हता. आत जाण्याआधी जरा श्वास घ्यायला सवड मिळावी म्हणून कुणीतरी कधीतरी काढल्या असतील आणि मग तशी रीतच पडली असेल. मीही काढायचो. मी तेव्हा विद्यार्थी नव्हतो. नाशिकच्या बाहेर आमचं कृषी महाविद्यालय होतं, तिथे मी कीटकशास्त्र शिकवत होतो आणि मॅडम संख्याशास्त्र. पण आपला प्रयोग घेऊन त्यांच्यासमोर बसलं की प्राध्यापकाचाही विद्यार्थी व्हायचा.

मॅडम उंच होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी नेसत, आणि पायात कापडी बूट घालत. बूट अशासाठी, की कुठल्याही क्षणी त्या शेतात जायला निघत. संख्याशास्त्राची माणसं खोलीत बसून आकडे सोडवतात अशी माझी समजूत होती. या बाई मात्र स्वतः पायांनी न फिरलेल्या शेताचा एकही आकडा मानत नसत. प्रयोग आखायचा म्हटला की आधी शेताला चारी बाजूंनी चक्कर. विहीर कुठे, पाट कुठून जातो, शेजाऱ्याने काय लावलंय, रस्त्यावरचा दिवा कुठवर पोचतो, सगळं बघून घ्यायच्या. मग पिशवीतून उदबत्ती काढून एकेका कोपऱ्यात पेटवायच्या आणि धूर कुठे वळतो ते बघत उभ्या राहायच्या. किडे वाऱ्याबरोबर येतात, त्यामुळे वाऱ्याची वाट कळल्याशिवाय सापळा कुठे लावायचा हे ठरवता येत नाही. एकदा मखमलाबादकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला वाटलं, बाई पूजा करताहेत. तो टोपी काढून हात जोडून मागे उभा राहिला. मॅडमनी धूर बघून झाल्यावर त्याला शांतपणे सांगितलं, "बाबा, वारा वायव्येचा आहे." तोही तेवढ्याच भक्तिभावाने "हो माय" म्हणाला.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "कशाच्या तुलनेत?" कुणी म्हणालं, यंदा पाऊस चांगला झाला, तर कशाच्या तुलनेत? नवं औषध गुणकारी आहे, कशाच्या तुलनेत? कॅन्टीनवाला हरी एकदा कौतुकाने म्हणाला, "मॅडम, आज चहा फक्कड झालाय," तर त्यालाही तेच. हरीने दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे दोन कप ठेवले, एक आल्याचा, एक बिनआल्याचा, आणि म्हणाला, आता बोला. मॅडम इतक्या खूश झालेल्या मी क्वचित पाहिल्या. म्हणाल्या, "थांब, मी डोळे मिटते. कुठला कप कुठे ठेवलास ते सांगू नकोस."

मला त्या 'कीटकवाले' म्हणत. नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "कीटकवाले, तुमचा त्या किड्यांवर जीव आहे. जीव असला की माणसाला हवं ते दिसतं. मोजायची पद्धत मी ठरवीन."

ही पद्धत म्हणजे काय, ते मला शबानाच्या प्रकरणात कळलं. शबाना मालेगावची, यंत्रमाग चालवणाऱ्याची मुलगी. पदव्युत्तर प्रबंधासाठी ती कांद्यावरच्या फुलकिड्यांवर काम करत होती. शेतात निळे, पिवळे, पांढरे आणि हिरवे चिकट सापळे लावायचे आणि कुठल्या रंगाकडे किडे जास्त येतात ते बघायचं. तिने महिनाभर राबून किडे मोजले होते. निळ्यावर सगळ्यात जास्त. आनंदाने ती आकडे घेऊन आली. मॅडमनी आकडे बाजूला ठेवले आणि सापळे कुठे कुठे होते ते काढून दाखवायला सांगितलं. तिने काढलं. निळे सगळे पाटाच्या कडेला होते.

"निळा जिंकला की पाटाची कड जिंकली?" मॅडमनी विचारलं.

तिचा मार्गदर्शक मीच होतो, आणि ही चूक मलाही दिसली नव्हती.

"हे मी घेणार नाही," मॅडम म्हणाल्या. कांदा काढणीला थोडेच दिवस राहिले होते. काढणी झाली की किडे संपले आणि तिचं वर्ष गेलं. शबानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मॅडमनी तिला ते पुसायला सवड दिली, सांत्वन वगैरे काही केलं नाही. मग कागदावर चार आडव्या ओळी आणि चार उभ्या रांगांची चौकट आखली आणि तिच्यात रंग भरले. प्रत्येक ओळीत प्रत्येक रंग एकदाच, प्रत्येक रांगेतही एकदाच. शिवाय दर चार दिवसांनी सगळे सापळे जागा बदलणार, म्हणजे प्रत्येक रंगाला प्रत्येक जागा मिळणार. पाटाची कडही सगळ्यांच्या वाट्याला येणार.

शबानाने नाक ओढत कागद बघितला. "मॅडम, हे तर आमच्या अब्बांच्या चौकडीच्या लुंगीसारखं आहे."

"मग तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल."

पुढचे दिवस त्या दोघी उन्हात खुंट्या उपटून नव्या जागी रोवत होत्या. मॅडम रविवारीही येत. काढणीच्या आदल्या दिवशी शेवटची मोजणी झाली. निळाच जिंकला. शबाना जरा धीर करून म्हणाली, "मॅडम, उत्तर तेच आलं. मग फरक काय पडला?"

"तेव्हा तुला वाटत होतं. आता तुला माहीत आहे."

या बाईंच्या आयुष्यात एक वर्ष असं आलं की हे सगळं त्यांच्या रक्ताच्या माणसावर येऊन आदळलं. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून ते सांगतो.

सिन्नरकडे टोमॅटोवर टुटा आला होता. टुटा म्हणजे बोटाच्या नखावर मावेल एवढा करडा पतंग. त्याची अळी पानं खाते आणि फळाला देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखं भोक पाडून आत शिरते. असं फळ बाजारात कुणी घेत नाही. आदल्या हंगामात गावंच्या गावं हैराण झाली होती. त्यावर एका छोट्या कंपनीने नवा कामगंध सापळा आणला होता. पसरट टब, त्यात साबणाचं पाणी, आणि वर मादीच्या वासाची एक रबरी गोळी टांगलेली. वासाने नर येतात आणि पाण्यात बुडतात. जुनी गोळी बाजारात होतीच. ही नवी जास्त तेज आहे असं कंपनीचं म्हणणं. सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाला ती सगळ्या गावासाठी घ्यायची होती, पण महाविद्यालयाची शिफारस असेल तरच.

कंपनीचा प्रतिनिधी विभागप्रमुखांच्या खोलीत मोबाइलवर फोटो दाखवत होता. "बघा मॅडम, तीन दिवसांत टब काळा झाला."

"नर पतंग?"

"हो, कामगंधात नरच येतात."

"आणि टोमॅटो?"

"म्हणजे?"

"मेलेले पतंग मार्केटला विकतात का? टोमॅटो किती वाचले ते सांगा. शेजारच्या वावरातले नर तुम्ही इकडे बोलावून बुडवलेत आणि इकडच्या माद्या आधीच अंडी घालून मोकळ्या झाल्या असतील, तर काळ्या टबाचा काय उपयोग?"

त्याने मग सांगितलं की त्यांनी एक शेत सापळ्याचं आणि एक बिनसापळ्याचं अशी तुलनाही केली आहे. मॅडमनी विचारलं, कुणाची शेतं? सापळ्याचं शेत एका नावाजलेल्या बागायतदाराचं निघालं आणि दुसरं, ज्याचं पीक आधीच रोगाने बसलं होतं त्याचं. मॅडमनी समोरचा मोबाइल त्याच्याकडे परत सरकवला.

विभागप्रमुख कासावीस झाले. "मॅडम, लागवड तोंडावर आलीय. गटाची माणसं रोज फोन करतात. आणि ते तर तुमचंच माहेर आहे."

"म्हणूनच घाई करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि म्हणूनच दुसरं गाव मिळालं तर बरं."

दुसरं गाव मिळालं नाही. गट तिथलाच, टोमॅटो तिथलाच, टुटाही तिथलाच. तेव्हा मॅडमनी आपणच आपल्याला दोन अटी घातल्या. कुणाच्या शेतात काय लागणार ती सोडत त्या स्वतः काढणार नाहीत, आणि फळं त्या स्वतः मोजणार नाहीत. मोजणी माझ्याकडे आली.

आखणी त्यांनी केली. एकसारखी माती आणि एकाच सुमाराची लागवड असलेली तीन तीन शेतं एकत्र धरली. ओढ्याकाठची तीन, माळावरची तीन, हायवेजवळची तीन, असं पुढे. शेतं अशी निवडली की एकाचा वास दुसऱ्यात जाऊ नये. प्रत्येक तिघांत एकाला नवी गोळी, एकाला जुनी, आणि एकाला रिकामा सापळा. टब तोच, पाणी तेच, साबण तोच, फक्त गोळी नाही. हा रिकामा कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. मॅडमचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.

सोडत सोसायटीच्या गोदामात झाली, सकाळी. मॅडमनी येताना चिंचोक्यांची डबी आणली होती. पांढरा ठिपका म्हणजे नवी गोळी, लाल ठिपका म्हणजे जुनी, कोरा चिंचोका म्हणजे रिकामा. संगणकाने काढलेल्या सोडतीवर गावात कुणी विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या हाताने काढलेल्यावर ठेवतात, असा त्यांचा अनुभव. आधी त्यांनी नियम वाचून दाखवले. कुणीही कधीही प्रयोगातून बाहेर पडू शकतो. फवारणी मनाने करायची नाही. दर आठवड्याला मोजणी होईल, शंभर फळांत दहांना टुटाचं भोक सापडलं की त्या शेतात फवारणी. तिन्ही प्रकारांना नियम एकच. सगळ्यांनी माना डोलावल्या. डबी माझ्या हातात देऊन त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

माळावरच्या तिघांची पाळी आली तेव्हा भास्कर पुढे आला. भास्कर म्हणजे मॅडमचा धाकटा भाऊ. अंगाने भरलेला, हसरा, गावात सगळ्यांच्या आधी वाफ्यांवर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर अंथरणारा. त्याच्या टोमॅटोच्या क्रेटला मार्केटमध्ये व्यापारी ओळखत. त्याने डबीत हात घातला, मूठ वर काढली आणि उघडली.

कोरा.

मग गटाचे अध्यक्ष, त्यांना सगळे आण्णा म्हणत, खाकरून म्हणाले, "मॅडम, भावाचा परत टाका की डबीत. आमची काय हरकत नाय."

"सगळ्यांचे परत टाकायचे असतील तर टाकू," मॅडम म्हणाल्या. "एकट्याचा नाही."

ज्यांना पांढरा ठिपका आला होता त्यांनी मुठी घट्ट केल्या. भास्कर हसला. "असू दे, असू दे. आक्काचाच सापळा हाय, रिकामा का असंना." पण तो चिंचोका त्याने माझ्या तळहातावर ठेवला नाही, टाकला.

श्रावण बरा गेला. गणपती उठले आणि टुटा वाढला. मॅडमचा फोन वाजायला लागला. तासाला असल्या की फोन टेबलावर पालथा ठेवायच्या, तो थरथरत राहायचा. भावाचा असतो, फवारणीसाठी असतो, ते आम्हाला कळत होतं. एकदा व्हरांड्यात त्या बोलताना ऐकलं, "मोजणी बुधवारी आहे. बुधवारी बघू." पलीकडून काय आलं कोण जाणे. त्यांनी पुन्हा म्हटलं, "बुधवारी."

त्या बुधवारी आम्ही गेलो. भास्करच्या शेताच्या बांधावर पोचल्यावर मॅडम खाली बसल्या, शेताकडे पाठ करून, हायवेच्या दिशेने तोंड करून. मी आत शिरलो. कुठली झाडं तपासायची त्याचे आकडे चिठ्ठीवर आधीच काढलेले होते. भास्कर माझ्या मागे मागे, चिठ्ठीत डोकावत.

"साहेब, ते झाड बघा, त्या बुडात बघा. सगळं पोखरलंय."

"ते चिठ्ठीत नाही, भास्करराव."

"चिठ्ठीत नाय म्हणून टुटा नाय का तिथं?"

मी मोजत राहिलो. चार. सहा. सात. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. थोडी झाडं राहिली होती तेव्हा नऊ झाली. भास्कर जरा पुढे जाऊन आला. आणि शेवटच्या झाडाला, देठाजवळ, एक भोक दिसलं.

"झाली दहा," भास्कर म्हणाला, मी फळ तोडायच्या आधीच.

मी ते खिशातल्या चाकूने कापलं. टुटाचं भोक असलं की आत वेडावाकडा बोगदा असतो, काळी घाण असते, बहुतेकदा अळीही. हे आतून स्वच्छ होतं. भोक सरळ गेलेलं, कडा अजून ओल्या. बाभळीचा काटा टोचावा तसं. मी भास्करकडे पाहिलं. तो पंपाच्या खोलीकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बांधावरून आवाज आला, "किती?"

"नऊ," मी म्हणालो.

"आणि?"

"अजून एक होतं. भोक आहे. आत काही नाही."

मॅडमनी मान वळवली नाही. हायवेवरून एक ट्रक गेला, मग एक एसटी गेली. मग त्या म्हणाल्या, "भास्कर, आणखी किती फळांना हात लावलास?"

"एवढंच एक," तो म्हणाला. आणि मग एकदम त्याचा बांध फुटला. "आक्का, पुढच्या बुधवारपर्यंत काय राहील वावरात? सगळ्या गावाची चालली पिकं मार्केटला, आन मी हितं रिकामे टब भरत बसलोय! तुला भाऊ मोठा का आकडा मोठा, ते सांग एकदा!"

"मी हिकडं तोंड करून का बसलेय, ते कळत नाय का रे तुला?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. पाठ अजून आमच्याकडेच होती. "बाहेर पड. आत्ता पड. नियम हाय तसा. आज फवारलंस तरी तुला कुणी बोलायचं नाय."

"आन गाव काय म्हणंल? बहिणीचं भावानंच मोडलं?" वाटेतल्या रिकाम्या क्रेटला लाथ मारून तो निघून गेला.

परतीच्या वाटेवर जीप नाशिकरोडला आली. मॅडम म्हणाल्या, "ते फळ नोंदवा. काटा टोचलेलं, म्हणून."

"शेतकऱ्याचं नाव?"

"शेताचा क्रमांक घाला. कोण कुणाचा भाऊ, याला आपल्याकडे रकाना नाही." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "तुम्ही दहा म्हणाला असतात, कीटकवाले, तर मी मानलं असतं. मी बघत नव्हते."

हे कौतुक होतं की तक्रार, मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या बुधवारी दहाची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. फवारणी झाली, पण अळी फळात शिरल्यावर फवारणीचा काय उपयोग. भास्करच्या पहिल्या तोड्यांची फळं गुरांपुढे गेली. त्याने प्रयोग सोडला नाही. टबांत पाणी रोज बदललेलं असायचं, साबणही बरोबर. फक्त मी गेलो की तो घरात निघून जायचा आणि त्याची बायको मला पाण्याचा तांब्या आणून द्यायची.

दिवाळी आली. भाऊबीजेला भास्कर दरवर्षी नाशिकला मॅडमकडे यायचा. त्या वर्षी आला नाही. तेव्हा मॅडमच सकाळच्या एसटीने गावी गेल्या, औक्षणाचं ताट पिशवीत घेऊन. सुटी संपल्यावर मी विचारलं, भाऊ भेटले का? त्या हजेरी लिहीत होत्या.

"नाही. भावजय म्हणाली, मार्केटला गेलाय." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "भाऊबीजेला मार्केट बंद असतं."

हंगाम संपला. आकडे शबानाने जुळवले. ती तोवर आमच्याकडेच संशोधन सहायक म्हणून लागली होती. तिच्या कागदावर सापळ्यांच्या प्रकारांना नुसती अक्षरं होती; कुठल्या अक्षराचा अर्थ नवी गोळी आणि कुठल्याचा रिकामा, हे मॅडमनी तिला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. सगळं मांडून झाल्यावर, विभागप्रमुख आणि कंपनीचा तो प्रतिनिधी समोर बसलेले असताना, त्यांनी अक्षरं उघडली. नव्या गोळीच्या शेतांत नुकसान बाकी दोन्हींपेक्षा कमी होतं. ओढ्याकाठी, माळावर, हायवेला, सगळीकडे कमी. फरक स्पष्ट होता. प्रतिनिधी उठून उभाच राहिला. "मॅडम, मग पाकिटावर संपूर्ण नियंत्रण असं छापू?"

"कमी होतं, संपत नाही. तेवढंच छापा."

गावात निकाल सांगायला त्याच गोदामात बैठक झाली. भास्कर आत आला नाही. बाहेर मोटरसायकलला टेकून उभा राहिला, दारातून त्याचा खांदा तेवढा दिसत होता. मॅडमनी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. एक तरुण शेतकरी म्हणाला, "मॅडम, सापळा चांगलाच निघाला, मग त्या रिकाम्यावाल्यांचं उगाच नुकसान झालं म्हणायचं."

मॅडम बोलायला लागल्या आणि थांबल्या. वर्गात अडखळलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "त्यांचं गेलं," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमचं वाचलं की नाही ते कळलं. नाहीतर यंदा टुटाच कमी होता, असं म्हणून आपण सोडून दिलं असतं. हे उत्तर मी काढलेलं नाही. ते त्या शेतांनी दिलंय." टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

इथे कुणीही थांबलं असतं. मॅडम म्हणाल्या, एका वर्षावर शिफारस देणार नाही. ते वर्ष कोरडं गेलं होतं, आणि ओल्या वर्षात टुटा वेगळा वागतो. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. मॅडम पुढच्या आषाढात पुन्हा त्या गावी गेल्या आणि गटापुढे सरळ प्रश्न ठेवला. आता सापळा उपयोगी आहे हे दिसलंय. तरी पुन्हा कुणाच्या तरी वाट्याला रिकामा येईल. तयारी असेल त्यांनीच नाव द्या. एक गोष्ट त्यांनी बदलली होती. फवारणीची मर्यादा दहावरून पाचवर आणली होती, सगळ्यांसाठी, आणि सोडतीच्या आधी.

नावं कमी आली, पण पुरेशी आली. भास्करचं नाव त्यांत होतं. आण्णांनी ते वाचलं तेव्हा मॅडमनी ऐकल्याचं दाखवलं नाही. या वेळी त्या भिंतीशीही उभ्या राहिल्या नाहीत, गोदामाच्या बाहेर कडुनिंबाखाली जाऊन थांबल्या. मी आत डबी धरली. माळावरच्यांची पाळी आली. भास्करने हात घातला, काढला, मूठ उघडली.

पुन्हा कोरा.

आण्णा काहीतरी म्हणायला गेले. भास्करने हात वर करून त्यांना थांबवलं आणि बाहेर निघाला. मी डबी कुणाच्या तरी हातात कोंबून दारापर्यंत गेलो.

"रिकामा," तो मॅडमना म्हणाला.

मॅडमचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "भास्कर, नाव काढून घे. अजून लागवड व्हायचीय. कुणालाही बाहेर पडता येतं, तुलाही येतं. मी काय म्हणणार नाय."

"आता काढलं तर तुझं इस्कटंल का?"

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"इस्कटंल," मॅडम म्हणाल्या.

भास्कर मोटरसायकलकडे गेला, किक मारली आणि गाडी त्यांच्यापुढे आणून उभी केली. "बस. तुझी भावजय सकाळधरनं वाट बघतीय. भाकरी गार झाली म्हंजी मला बोलंल."

त्या वर्षीही उत्तर तेच आलं. मॅडमनी शिफारसीवर सही केली ती त्यानंतर. हे मला शबानाने फोनवर सांगितलं, कारण त्या सोडतीनंतर थोड्याच दिवसांत माझी धुळ्याला बदली झाली. मॅडम पुढे निवृत्त झाल्या. त्यांची माझी भेट नंतर झाली नाही.

मला त्या दिसतात त्या तिथेच, गोदामासमोर. इस्त्रीची साडी सावरत, कापडी बूट पायटेकावर ठेवत त्या भावाच्या गाडीवर एका बाजूने बसल्या. बसताना तोल जायला लागला तसा त्यांनी त्याचा खांदा धरला. गाडी चिखलातून वळली. माळाच्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात तिथेच होता.